न गोठलेले तूप

त्या पौषात दर रविवारी नागपूरहून गाड्या भरभरून माणसे आमच्या कारंजा गावाजवळच्या संत्राबागेत येत. हुरडा खावा, बैलगाडीतून फिरावे, एवढ्यासाठी माझा मुलगा हेमराज याने ही कृषी सहल सुरू केली होती. परंतु आता हुरडा थंड होई आणि माणसे आगटीपाशी, म्हणजे हुरडा भाजायच्या खड्ड्यापाशी, हात जोडून उभी राहत. कारण हेमराजने आणलेले बाबाराव महाराज काडी न ओढता आगटी पेटवीत.

"गोवरीत अग्निदेव निजून राह्यला," ते डोळे मिटून सांगत. "शकुंतलाबाईच्या हातचं तूप त्याले उठवते." मग वाटी ओतून मंत्र सुरू होई, आणि धूर निघेपर्यंत तो काही संपत नसे.

शकुंतलाबाई म्हणजे मी. माझ्या स्वयंपाकघरातून तूप नेण्याचे काम हेमराज दुसऱ्या कोणालाही करू देत नसे.

एका रविवारी वर्ध्याची इंदिरा नावाची कारकून बाई आपल्या मुलीला, इलाला, घेऊन आली. इलाला फिट्स येत. महाराजांनी तिच्या गोळ्या आगटीत टाकायला सांगितल्या. "अग्नीनं रोग खाल्ल्यावर गोळी कायले पाहिजे?" इंदिराने पर्समधून पाकीट काढले. मी तिचा हात धरला, कारण माझी नजर वाटीवर खिळली होती. घरी त्या सकाळी मी बरणीतले तूप चमच्याने खरवडून काढले होते. वाटीतले मात्र हिंदकळत होते. जिभेवर थेंब ठेवला. चिकट, गोडसर, तुपाचा वास नाही.

"हेमराज, माझं तूप गोठलं काऊन नाई?"

"मंत्राचं तेज आहे, आई."

"मंत्र तर अजून म्हटलाच नाई."

मागे कोणी तरी हसले. मी चिमट्याने वरची गोवरी उचलली. खाली काळसर जांभळी पूड होती. पावसाळ्यात विहिरीत टाकतो तीच लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. मुलांना मागे सारून मी वाटी इंदिराच्या हाती दिली आणि मुकाट्याने ओतायला सांगितले. क्षणभराने धूर आला, मग भडका.

"आता कोणाच्या मंत्रानं उठला, महाराज?"

महाराज शाल सावरत गाडीकडे निघाले. हेमराजने मान खाली घालून सांगितले, की ते ओठांना लावायचे ग्लिसरीन होते. त्या पुडीत मिसळले की दोन्ही आपोआप तापून पेट घेतात.

"नुसत्या हुरड्यासाठी लोक पुन्हा येत नाई, आई."

"अन् त्या पोरीच्या गोळ्या जळल्या असत्या, तं माझ्या नावानं जळल्या असत्या."

इंदिराने तिथेच इलाला गोळी दिली. हेमराजला ते पाहवेना. मी त्याला पाहायला लावले.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो हाताळून पाहा. वैद्याने दिलेले औषध वैद्याला विचारल्याखेरीज सोडू नका. आणि जो तपासू देत नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मग तो तुमच्या पोटचा मुलगा का असेना.