काकांचं नेहमीचं

हरिलालकाकांना अख्ख्या मंडळासमोर पकडायची तयारी मी सोळा दिवस केली. एवढी तयारी गणिताची केली असती तर आमच्या शाळेत पेढे वाटले असते.

आधी काकांचा गुन्हा सांगते, शिक्षा मग.

गेल्या वर्षी, म्हणजे १९८३ साली, ज्या इस्टेटीत आमचा ऊस जातो तिथल्या ओव्हरसियरच्या मुलीचं लग्न होतं. बाबांना आमंत्रण आलं. काकाही होते. हरिलालकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. आमच्या बेटावरच्या फिनिक्स शहरात राहतात, सरकारी हपिसात मोठ्या खुर्चीवर बसतात, आणि आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी आहेत. लग्नात बाबांच्या बशीत मांसाचा एक सपाट, जाड तुकडा आला. वेटर म्हणाला, हरणाचं आहे. बाबांनी खाल्लं.

आता आमच्या कांप दे मास्का गावात हरिण म्हणजे रस्सा. शिकारीच्या दिवसांत कुणीतरी मांडी पाठवतं, आई बोराएवढे तुकडे करते, मसाला वाटते, आणि वास तिसऱ्या गल्लीपर्यंत जातो. सुरीने कापायचा सपाट तुकडा म्हटला की तो बेफ, गाईचा. दुसरा कसला असूच शकत नाही, अशी गावाची खात्री.

काकांनी पुढच्याच रविवारी मंडळाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "तुळशीरामने लग्नात बेफ खाल्लं. मी डोळ्यांनी पाहिलं."

बाबूराव आजा आमचे अध्यक्ष. त्यांनी विचारलं, "काय रे तुळशीराम, काय होतं बशीत?"

"हरिण होतं, आजा."

"रस्सा होता?"

"नाही. तुकडा होता. एवढा." बाबांनी पंजा दाखवला.

"रश्शाशिवाय हरिण?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. बायकासुद्धा. मी दाराआड उभी होते. तेव्हा मी सगळीकडे दाराआडच असायची.

त्या वर्षी बाबांना झाकरीतून काढलं. झाकरी म्हणजे गणपतीपुढे आमचे लोक गोल धरून गातात, नाचतात ती. मध्ये ढोलकी घेऊन जो उभा राहतो तो म्हणेल तशी सगळी झाकरी हलते. वीस वर्षं तिथे बाबा होते. त्या वर्षी टीव्हीवाले आले, आणि मध्ये कोण उभं? काका! टाय लावून! ढोलकी अशी वाजवत होते, जणू दारावर पोस्टमन. बाबा उसात जाऊन बसले, विसर्जनालाही आले नाहीत. आणि वर्षभर घरात कुणी गुणगुणलं तरी उठून बाहेर जायचे.

मला बाबा परत मध्ये उभे हवे होते. आणि काका खाली. दोन्ही.

यंदा मी शाळेत फॉर्म फोरच्या वर्गात गेले. फ्रेंच वक्तृत्वात पहिली आले. तीनशे मुलींसमोर बोलले आणि मेले नाही, तेव्हा कळलं की दाराआड उभं राहायची काही गरज नसते. तेवढ्यात मंडळाने ठरवलं की गणपतीआधीचं कारेम सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी सगळ्यांनी सहलीला जायचं. कारेमात मांसमच्छी बंद, म्हणून त्याआधी एकदा पोटभर. जायचं कुठे, तर समुद्राकाठच्या पार्क दे तोर्तीमध्ये. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी आगगाडी, माणसाला पाठीवर घेतील एवढी कासवं, आणि जेवायला तीन जागा. पार्कवाल्यांनी फ्रेंचमध्ये फॉर्म पाठवला. कुठे जेवणार, नुसतं दुपारचं की दुपारचं आणि चहाचंही, आणि प्रत्येकाच्या नावासमोर काय वाढायचं. सगळं आठ दिवस आधी.

"फॉर्म बसंती भरेल," बाबूराव आजा म्हणाले. "पोरीला बक्षीस मिळालंय."

बैठकीत मी उभी राहून तिन्ही जागा वाचून दाखवल्या. एक क्रिओल खाणावळ, एक चिनी, आणि तिसरी ला ब्रेझ, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, स्टेकहाउस.

"चिनी," काकांच्या बायको रीताकाकी म्हणाल्या. "तिथे टेबलावर कापड असतं."

"मासळी खाऊ या की," अनुसयाआजी म्हणाली. ती आमच्या गावची सुईण, आणि हरिण सोलायला तिच्याच हाताखाली सगळे शिकले.

मी म्हटलं, "मासळी तर रोज खातो, आजी. ला ब्रेझमध्ये हरिण आहे. अख्खा तुकडा, निखाऱ्यावर. तसं आपल्यापैकी कुणी पाहिलंय?"

 सगळ्यांना गेल्या वर्षीचा पंजा आठवला. बाबा खाली बघत होते.

काका टुणकन उभे राहिले. "छे छे! तिथे बेफ शिजतं. त्याच जाळीवर! आपण मंडळाचे लोक, काही विचार आहे की नाही? तिथे जायचंच नाही."

"जाळी वेगळी असली तर?" मी विचारलं.

"तुला काय कळतं गो? तू काय तिथे जेवलीस?"

"नाही काका. तुम्ही?"

"मी? अयो! मी कशाला जाईन असल्या जागी?"

बाबूराव आजा म्हणाले, "पोरी, विचारून घे. जाळी वेगळी असेल तर जाऊ. हरणाला माझी ना नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गणवेशातच मी चिन्याच्या दुकानातून फोन लावला. पलीकडे ला ब्रेझचे मुख्य वेटर होते. मी माझं बक्षीसवालं फ्रेंच काढलं. ते म्हणाले, हरणाची जाळी वेगळी, सुऱ्या वेगळ्या, स्वयंपाकी हिंदू आहे, निश्चिंत या.

"कुठलं मंडळ म्हणालात?"

मी नाव सांगितलं. सेक्रेटरी म्हणून काकांचंही सांगितलं.

"मस्यो हरिलाल? फिनिक्सच्या हपिसातले?" त्यांचा आवाज एकदम मधाळ झाला. "मग आधी का नाही सांगितलंत, मादम्वाझेल! त्यांच्या हपिसाची जेवणं आमच्याकडेच असतात. खिडकीजवळचं टेबल, बेफचा फिले, कमी भाजलेला, वर हिरवी मिरी. पाच वर्षांत एकदा बदल नाही. हरिण एकदा देऊन पाहिलं, तर म्हणाले, दिसायला दोन्ही सारखीच, पण चवीला माझंच बरं."

माझ्या हातातून फोन सुटला नाही ही देवाची कृपा.

समजलं ना तुम्हाला? दिसायला दोन्ही सारखीच. हे काकांना ठाऊक होतं! गावाला ठाऊक नव्हतं, म्हणून गाव हसलं, त्याला माफी. पण काकांना माहीत होतं की सपाट तुकडा हरणाचाही असतो, आणि तरी ते उभे राहून बोलले. टीव्हीवर झाकरीच्या मध्ये दिसावं म्हणून!

घरी येताना मी उसाच्या दोन ओळींमधून धावत सुटले. रागाने का आनंदाने, मला नाही सांगता यायचं.

कुणाला सांगायचं? बाबांना? ते म्हणाले असते, जाऊ दे. आईला? तिने कानावर हात ठेवले असते. आणि गावात सांगितलं तर लोक म्हणाले असते, पोरगी खोटं बोलते, बापासाठी. मग मी फॉर्म घेतला आणि नीट अक्षरात भरला. बेचाळीस माणसं, दुपारचं जेवण आणि चहा. बहुतेकांनी हरिण सांगितलं, थोड्यांनी कोंबडी. काकांनी निरोप पाठवला होता, "माझ्यासाठी मासा लिही." मी त्यांच्या नावासमोर फ्रेंचमध्ये लिहिलं, नेहमीप्रमाणे.

  अक्षर आजवरचं सगळ्यात सुंदर आलं.

आठ दिवस एकच भीती होती, काकांनी तिकडे आधी फोन करून ठेवला तर? नाही केला. दाराआडच्या पोरीची भीती त्यांना कशाला वाटावी!

शनिवारी बस भरून आम्ही गेलो. मी घसरगुंडीवरून सहा वेळा आले, किंचाळत. आई म्हणाली, "आज तुला झालंय तरी काय?" बाराला ला ब्रेझमध्ये लांब टेबल लावलेलं होतं. काका काळा चष्मा लावून अगदी टोकाला बसले, स्वयंपाकघराकडे पाठ करून. मी मुद्दाम त्यांच्या समोरची खुर्ची घेतली.

आधी हरिण आलं. बशी भरून सपाट, काळपट तांबडे तुकडे, कडेला जाळीच्या रेघा. बाबूराव आजांनी बशी मागे लोटली.

"हे काय? हे तर तसलं दिसतंय."

"हरिण, मस्यो," वेटर म्हणाला.

"हरिण असं कुठे असतं?"

कुणीच सुरी उचलेना. तेव्हा अनुसयाआजीने तुकडा हातात घेतला, नाकाशी नेला, दाताने तोडला आणि डोळे मिटून चावला. एकेचाळीस माणसं तिच्या जबड्याकडे बघत होती.

"हरिणच," ती म्हणाली. "मसाला नाही म्हणून काय वास जातो? खा मुकाट्याने." मग तिचा हात थांबला. तिने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. "तुळशीराम, तुझ्या बशीत लग्नात हेच होतं?"

"हेच होतं, आजी."

"मग तू बोलला का नाहीस रे?"

"बोललो होतो," बाबा म्हणाले.

 रीताकाकी ग्लासातलं पाणी बघत बसल्या. आणि तेवढ्यात, माझ्या देवा, तेवढ्यात मुख्य वेटर स्वतः आले. हातात एकच बशी, वर झाकण. काकांच्या शेजारी वाकले आणि झाकण उचललं.

"मस्यो हरिलाल! बेफचा फिले, कमी भाजलेला, हिरवी मिरी. खिडकीचं टेबल आज नाही देता आलं, क्षमा असावी."

वेटर बोलले क्रिओलमध्ये, आणि ती बोली आमच्यात शेंबड्या पोरालाही कळते. अर्थ सांगायची गरजच नव्हती.

"हे माझं नाही," काका म्हणाले. "चूक झाली आहे."

वेटर दुखावले. "चूक? मस्यो, पाच वर्षं मी स्वतः वाढतोय. कधी चूक झाली?"

"फॉर्म कुणी भरला?" काका ओरडले. चष्मा नाकावर घसरला. "मी मासा सांगितला होता!"

"मी भरला, काका." मी उभी राहिले. "तुम्ही मासा सांगितला होता, खरं आहे. मी मासा लिहिला नाही. तुमचं नेहमीचं आणा, एवढंच लिहिलं. नेहमीचं काय ते यांनी ठरवलं."

"बघा! बघा कशी पोरगी! कट आहे हा!"

"कटच आहे," मी म्हणाले. "पण मांस तुमचं आहे."

आईने माझा फ्रॉक खाली ओढला. मी बसले नाही. बाबूराव आजा कितीतरी वेळ काकांच्या बशीकडे बघत राहिले, मग आपल्या. दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

"हरिलाल," ते हळू म्हणाले, "तुला दोन्ही ठाऊक होती."

काकांनी खुर्ची मागे ढकलली. उठून बाहेर गेले. बशी तिथेच वाफाळत राहिली, आणि तिच्या शेजारच्या दोन खुर्च्या आपोआप सरकल्या.

"तुळशीराम," आजा म्हणाले, "यंदा झाकरीत तू मध्ये."

मला वाटलं बाबा हात जोडतील. ते मांसाचा तुकडा कापत होते, शांतपणे, सगळ्यांदेखत. "नाही, आजा. मला काढलं ते त्याच्या शब्दावर. तो शब्द त्याने मागे घेऊ दे. मग उभा राहतो."

आणि उरलेलं सगळं जेवले. मीही जेवले. निखाऱ्यावरचं हरिण इतकं चविष्ट असतं हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

चहानंतर मी कासवांच्या कुंपणापाशी उभी होते. काका आले. चष्मा खिशात.

"बसंती, बाळा," ते म्हणाले. बाळा! सोळा वर्षांत पहिल्यांदा. "तू अजून लहान आहेस. आजांना सांग, गंमत केली, वेटरला तूच शिकवून ठेवलं होतंस. लहान मुलीला कोण काय म्हणणार? दोन दिवस बोलतील, विसरतील. मला हपिसात तोंड दाखवायचं आहे, मंडळात दाखवायचं आहे."

"आणि बाबांना?"

"तुझा बाप शेतकरी माणूस. त्याला कोण विचारतंय?"

तोवर माझ्या मनात थोडी दया आली होती, खरंच. कासवाच्या पाठीवर बसलेली माशी असते ना, तेवढी. ती उडाली.

"काका," मी म्हटलं, "बसमध्ये सगळे चढतील तेव्हा तुम्ही पुढे उभे राहा आणि खरं सांगा. नाहीतर मुख्य वेटर म्हणालेत, हपिसातून आलेले सगळे फॉर्म ते कपाटात ठेवतात. बाबूराव आजांना फ्रेंच वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन. पाच वर्षांचे."

हे मात्र मी खोटं बोलले. फॉर्मबिर्म काही नव्हते. पण काकांनी गेल्या वर्षी एक खोटं वापरलं, मी यंदा एक वापरलं.

साडेचारला बस भरली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. काका शेवटी चढले आणि दारापाशी दांडा धरून उभे राहिले. 

"तुळशीरामने हरिण खाल्लं होतं," ते पायरीकडे बघत पुटपुटले. "मला ठाऊक होतं."

इंजिन घरघरत होतं. मी शेवटच्या बाकावर उभी राहिले.

"काका, मागे ऐकू नाही आलं!"

"बसंती," बाबा म्हणाले, "पुरे."

मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बसावं लागलं असतं.

"मोठ्याने, काका! गेल्या वर्षी बोललात तसं!"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आणि हरिलालकाका, फिनिक्सचे, खुर्चीचे, टायचे, मान वर करून मोठ्याने बोलले. पहिल्यापासून. सगळं.