भांडायला कोणी

शिंपीकाकांच्या घशावर किरणांचे उपचार झाले. आजार गेला, पण जाताना तोंडातली लाळही घेऊन गेला. कोरडा घास काही केल्या गिळवेना. चारचौघांत जेवताना ठसका लागायचा, म्हणून ते कोणाकडे जेवायला जातच नसत. एक घास जरी पाण्यावाचून उतरला, तरी माणसांत बसू, एवढीच त्यांची आशा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या गालाच्या आत नळी जोडलेली इवलीशी वाटी बसवली आणि कानाजवळच्या नसेला बारीक वीज दिली. नळीत थेंब जमू लागले. काकांची कळी खुलली. ते थेंब तपासून झाल्यावर बाईंनी त्यांना पुन्हा बोलावलं.

"पाणी येतंय, काका. पण नुसतंच पाणी. घास बुळबुळीत करणारी प्रथिनं त्यात फारच थोडी."

"मग वीज वाढवा की."

"तेवढ्यानं भागायचं नाही. प्रथिनांचं काम बरंचसं दुसऱ्या नसेकडे. माणूस चिडला, छाती धडधडली की ती जागी होते. तिथवर आमची वीज पोचत नाही." बाई हसल्या. "घरी कोणाशी भांडता की नाही?"

बायको होती तोवर भांडणाला तोटा नव्हता. मीठ कमी, दिवा चालू, खिडकी उघडी. जन्मभर दोघांनी एकमेकांना सुखानं जेवू दिलं नाही, पण घास कधी अडकला नाही. आता घरात भिंतींशिवाय कोण होतं?

घरी येऊन त्यांनी ताटलीत पावाचा तुकडा घेतला आणि मेहुण्याला फोन लावला. मेहुणा महातिखट जिभेचा. दोघांचा छत्तीसचा आकडा होता, तोही काकांनीच शिवलेल्या एका कोटावरून.

"तुझ्या कोटाची बाही आखूड नव्हती," काका म्हणाले. "तुझेच हात लांब. लोकांच्या खिशात घालून घालून लांबलेत."



"असेल, भाऊजी," मेहुणा हळूच म्हणाला. "जेवलात का?"

"अरे, काहीतरी बोल मला."

"तुम्हाला आता काय बोलायचं? ताई होती तोवर गोष्ट वेगळी होती. तब्येतीला जपा."

काकांनी फोन ठेवला. सगळेच त्यांच्याशी असं जपून वागत होते. त्यांना फार एकटं वाटलं. त्यांनी तुकडा तोंडात घातला, खूप वेळ चावला. तो घशाशी येऊन अडला, तेव्हा पाण्याचा पेला तोंडाला लावून त्यांनी तो खाली ढकलला.