स्कॅननंतरचे नऊ आठवडे

मला राग लवकर येतो. त्यातही हाडवैद्याचं नाव निघालं की जास्तच. संगमनेरच्या दवाखान्यात कुणी हाताला पाल्याचा लेप नि बांबूच्या कामट्या बांधून आलेला दिसला, की मी त्याला सगळ्यांसमोर झापतो. खरं तर ते माझं काम नाही. मी डॉक्टर नाही. खांद्याचा कृत्रिम सांधा बसवताना लागणारं नेव्हिगेशनचं मशीन घेऊन दवाखान्या-दवाखान्यांत फिरणारा कंपनीचा माणूस आहे मी. पण थिएटरमध्ये रोज स्क्रीनसमोर उभं राहिलं की आपल्यालाही चार गोष्टी जास्त कळतात असं वाटायला लागतं.

भामामावशीनं मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मावशीचे यजमान आधीच गेलेले, तिला मूलबाळ नाही. बेलापुरात लोकांच्या शेतात खुरपून, गवताचे भारे वाहून तिनं मला डिप्लोमापर्यंत नेलं. त्यात तिचा उजवा खांदा गेला. आतले स्नायू फाटले, सांधा झिजला, हात छातीच्या वर जाईना. दुखणं तिनं सोसलं असतं, पण अंबाड्याचं तिला सोसत नव्हतं. रोज सकाळी शेजारच्या चांगुणाकाकूंच्या दारात पाठमोरं बसायचं आणि केस बांधून घ्यायचे, हे तिच्या अगदी जिवावर यायचं. काकूंना घाई असली तर ती मोकळ्या केसांनी घरातच बसून राही. रविवारी विहारात वंदनेलाही जात नसे. जन्मात कुणापुढे हात न पसरलेली बाई. मला एवढंच म्हणाली, "माजा अंबाडा मला बांदता आला पायजे. बाकी काय नको."

बांधशील, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

आमचं मशीन आंधळं काम करू देत नाही. आधी खांद्याचा सीटी स्कॅन कॉम्प्युटरमध्ये भरायचा. ऑपरेशनच्या वेळी हाडावर एक छोटी खुंटी बसवतात आणि डॉक्टर टोकदार कांडीनं हाडाच्या ठरावीक जागा टिपतात. मशीन त्या जागा स्कॅनशी जुळवून बघतं. जुळल्या, की ड्रिल कुठे नि किती खोल जातंय ते स्क्रीनवर दिसतं, आणि स्क्रू चांगल्या हाडातच बसतो. हे मी मावशीला इतक्या वेळा समजावलं होतं की तिला पाठ झालं असेल.

स्कॅन झाला आणि तिची शुगर वाढलेली निघाली. तारीख पुढे गेली. मग पुन्हा गेली. दुखणं वाढत होतं. एकदा फोनवर चाचरत म्हणाली, की राजूरच्या पलीकडं एका वाडीत एक म्हातारा आहे, हात बसवून देतो म्हणतात. माझं डोकंच फिरलं. वाट्टेल ते बोललो तिला. शेवटी म्हणालो, तिकडे गेलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. तिनं माझ्या जेवणाचं विचारलं.

स्कॅननंतर नऊ आठवड्यांनी ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी फॉर्म मीच भरून घेतला. स्कॅननंतर कुठे पडलीस का, मार लागला का? ती न्हाई म्हणाली. मी खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेलो.

थिएटरमध्ये ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर स्नेहल मॅडमनी जागा टिपल्या. मागची बाजू जुळली, वरची जुळली, पुढच्या कडेला मात्र मशीन अडलं. मॅडम थांबल्या. ही कड मला वेगळी लागतेय, म्हणाल्या, महेंद्र, स्कॅननंतर काही इजा झाली होती का? झाली असेल तर हा स्कॅन चालणार नाही.

"नाही मॅडम. मी स्वतः विचारलंय. माझी मावशी आहे ती."

मॅडमनी पुन्हा जागा टिपल्या. या वेळी मशीननं काठावर का होईना, होकार दिला. स्क्रू बसले. स्क्रीनवर सगळं इतकं नेटकं दिसत होतं की मी त्याचा फोटो काढून ठेवला.

सहा आठवड्यांनी मावशीला तपासणीला आणलं ते चांगुणाकाकूंच्या यजमानांनी, रंगनाथकाकांनी, त्यांच्या पिकअपमधून. हात जास्तच दुखतोय म्हणत होती. ती एक्स-रेला आत गेली आणि आम्ही दोघं बाहेर टपरीवर चहा घेत उभे राहिलो. काका भोळा माणूस. त्यांना वाटलं मला ठाऊक आहे.

"राजूरला नेलं तवाच मला बरं वाटलं न्हवतं बघ," ते म्हणाले. आणि ते सांगत गेले. ऑपरेशनच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. म्हाताऱ्यानं मावशीच्या काखेत टाच रोवली आणि दोन्ही हातांनी हात ओढला. कट्‌कन आवाज झाला. बसलं जाग्यावर, असं म्हातारा म्हणाला, आणि मावशीला घेरी आली. येताना संगमनेरात काकांनी विचारलं, महेंद्राकडे थांबायचं का, घोटभर चहा घेऊ. मावशी नको म्हणाली. त्याला कळलं तर लई रागवंल, म्हणाली. पुढं फडकं ओलं करून काखेत दाबत ती बेलापूरपर्यंत गेली. तोंडातून हूं का चूं नाही.

माझ्या घराच्या रस्त्यावरून ती गेली होती आणि थांबली नव्हती. आणि फॉर्मवर ती खोटं बोललीच नव्हती. पडलीस का विचारलं होतं, ती पडली नव्हती. मार लागला का विचारलं होतं, मार कुणी दिला नव्हता. कुणी हात ओढला का, हे मी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायची वाट मीच बंद करून ठेवली होती.

मॅडमच्या केबिनमध्ये एक्स-रे लावलेला होता. पुढचे दोन स्क्रू हाडातून उपसून आले होते, सांधा कलला होता. पुढची कड पूर्ण निघालीये, मॅडम म्हणाल्या. हे सगळं काढावं लागेल. नवा बसवायला हाडच शिल्लक नाही.

"म्हंजी हात वर न्हाई जायचा आता," मावशी म्हणाली.

"नाही जाणार, आजी."

मावशीनं मान हलवली. बाजाराला जाणारी एसटी चुकली म्हटल्यावर हलवावी तशी. मॅडम माझ्याकडे वळल्या. ती कड आधीच तडकलेली होती का, असा मला संशय येतोय, म्हणाल्या. तू मला खात्रीनं सांगितलं होतंस, महेंद्र.

मी ‘मॅडम’ म्हणून तोंड उघडलं. मावशीनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे. मला राजूरचं कळलंय हे तिला अजून माहीत नव्हतं, पण माझ्यावर काहीतरी येतंय एवढं तिनं ओळखलं.

"म्या पडले, मॅडम," ती म्हणाली. "मागल्या आटवड्यात, मोरीत. सांगाया भ्याले."

मॅडमना राग आला, आणि तो रास्तच होता. एकटीनं मोरीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं ना, एवढ्या मेहनतीचं मातेरं केलंत, लगेच का नाही आलात. मावशी खाली मान घालून ऐकत होती. चुकलं, म्हणत होती. आता बोल, आता तरी बोल, असं मी स्वतःला सांगत होतो. बोललो असतो तर ती खोटी ठरली असती, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. माझं काय होईल, याची मला भीती वाटली.

मॅडमनी केसपेपरवर लिहिलं, पेशंट घरी पडल्यामुळे सांधा निसटला. कागद मावशीपुढे सरकवला. उजवा हात उचलवत नव्हता, म्हणून तिनं डाव्या हाताचा अंगठा उठवला. खाली नातेवाइकाची सही लागते. ती मी केली.