ढिगाऱ्यातला गोठा

“अंकल, तिकडे बॉम्ब पडतो तेव्हा आवाज असाच येतो का?”

विचारून जेसिकाने मोबाईल गोठ्यात बॉम्बचे आवाज काढणाऱ्या स्पीकरच्या अगदी जवळ नेला. मागे तिची मैत्रीण नॅन्सी हिने तोंडावर हात दाबून धरला होता. ‘विचारलंस तर मानलं तुला,’ असं गोठ्याचे आवाज सांभाळणाऱ्या जॉयलने आधीच जाहीर केलं होतं, आणि गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायलाही लाजणारी जेसिका यंदा कुणाचंच आव्हान खाली पडू देत नव्हती.

मोबाईलच्या व्हिडिओ कॉलवर एलियास अंकल होते. बेथलेहेमचे गाईड. युद्धाच्या आधी भुईगावची माणसं पवित्र भूमीच्या यात्रेला गेली होती, तेव्हा जेसिकाच्या मम्मी-पप्पांनाही यांनीच तिथल्या गल्लीबोळांतून फिरवलं होतं. गावच्या बायकांकडून ते “चला चला, लवकर” एवढं शिकले होते. बाकी बोलणं इंग्रजीत. युद्ध सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे यात्रेकरूंची बस आली नव्हती. नाताळचा फोन मात्र चुकला नव्हता.

दरवर्षी नाताळच्या गोठ्यात, येशूजन्माच्या देखाव्यात, भुईगावच असायचं. रहाट, केळीची बाग, ताटलीत पेरलेल्या नाचणीची हिरवी शेतं. “ते आता कोण बघतं?” असं जेसिकाच म्हणाली होती. मग युद्धातलं बेथलेहेम ठरलं. पाडलेल्या घराचा राडारोडा टेम्पोने आला, धुराचं मशीन आलं, वाकलेल्या सळयांखाली बाळ येशूला ठेवलं. बोरिवलीहून गाड्या यायला लागल्या. लोक सळईला टेकून फोटो काढायचे आणि जेसिका माईकवर माहिती सांगायची. गोठा स्पर्धेचे परीक्षक उद्या येणार होते. पहिला नंबर आपलाच, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

अंकलनी घसा साफ करून बसमध्ये माईकवर बोलतात तसा स्वच्छ, सावकाश आवाज लावला.

“बेथलेहेममध्ये लांबून ऐकू येतो. माझी बहीण गाझामध्ये असते. ती सांगते, आधी खिडक्या थरथरतात. आवाज नंतर येतो.” आणि सवयीने पुढे म्हणाले, “आणखी काही प्रश्न?”

“अरे, म्हणजे आपलं उलटं झालं,” जॉयल हळूच म्हणाला. “आधी खिडकीचा पत्रा हलवायचा, मग आवाज. सकाळपर्यंत सेट करून टाकतो.”

जेसिका हसणार होती. ओठ तसे हललेही. मग तिने हात मागे नेऊन स्पीकरचं बटण बंद केलं.

“जरा जवळून दाखव,” अंकल म्हणाले.

तिने मोबाईल ढिगाऱ्यावरून फिरवला. मोडकी खुर्ची, फाटकी उशी, मेंढ्या. विटांमध्ये अडकलेली एक छोटी चप्पल. तिच्यावर लाल रंग शिंपडायची कल्पना जेसिकाचीच. लोक इथे हमखास थांबायचे.

“थांब. ती चप्पल कुणाची?”

“माझ्या भावाची. एरॉलची. त्याला लहान झाली.”

“तो कुठे आहे?”

“इथेच आहे, अंकल.”

“दाखव मला.”

तिने मोबाईल घराकडे वळवला. एरॉल ओट्यावर बसून करंजीतलं सारण बोटाने कोरून खात होता. मोबाईल दिसताच त्याने जीभ काढून दाखवली.

अंकल त्याच्याकडे बघत राहिले.

“बरा आहे,” ते शेवटी म्हणाले. गाईडचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “छान. बरा आहे तो.”

फोन बंद झाल्यावरही जेसिका तो तसाच हातात धरून उभी होती. एका बाईने आपला मोबाईल तिच्यापुढे केला.

“बेटा, एक फोटो निकाल दोगी?”

बाई सळईपाशी गेली, हात छातीवर ठेवला, चेहरा दुःखी केला. जेसिकाने मोबाईल वर धरला, मग खाली घेतला आणि तिला परत दिला.

“लाइट बराबर नहीं है, आंटी,” ती म्हणाली आणि घरात आली.

तिची मम्मी डेल्फिन टेबलावर करंज्या डब्यात भरत होती. “काय म्हणाले एलियास? आवडला ना गोठा?”

“चप्पल कुणाची, विचारत होते.”

“बघ,” तिचे पप्पा, व्हिन्सेंट, खूश होऊन म्हणाले. “त्यांनासुद्धा खरी वाटली. उद्या परीक्षकांपुढे त्या चप्पलपाशी जरा थांब हां, बाय. काल तू फार घाई केलीस.”

एरॉल सारणाच्या हातांनी आत आला आणि जेसिकाच्या ड्रेसला बोटं पुसू लागला. एरवी तिने त्याला टपली मारली असती. तिने त्याला पुसू दिलं.

“पप्पा, उद्या मी माईकवर बोलणार नाही,” ती म्हणाली. “चर्चमधल्या सकाळच्या पहिल्या मिस्सेच्या आधी तो सगळा राडारोडा मी काढणार आहे. तुम्ही दोघं आलात तर परीक्षक यायच्या आत होईल. नाहीतर ते आल्यावर त्यांच्यासमोर काढेन.”