तीनच्या सुमाराची चांदणी

मला ऑफिसात संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. कंपनीतलं एकूण एक मशीन मी जोडलंय आणि कुठलं मशीन कुणाशी बोलतं यावर लक्ष ठेवण्याचाच मला पगार मिळतो. चहाला उठले तरी मी माझा कॉम्प्युटर बंद करून उठते. नुसता पासवर्ड लावून भागत नाही, लोक महावस्ताद असतात. यावरूनही माझी टिंगल चालते, चालू दे.

पण नवऱ्यावर संशय घ्यायची वेळ येईल असं काही वाटलं नव्हतं. सासूबाईंच्या भाषेत आमचे हे म्हणजे गरीब गाय. आमच्याच पार्सल कंपनीच्या गावाबाहेरच्या डेपोचे इन्चार्ज, आणि मी इकडे मुख्य ऑफिसात. डेपोत टेलिफोनची लाइन एकच. तिच्यावर फोनही चालतो आणि राउटरही. राउटर म्हणजे एक डबडं. डेपोतून इकडे काही पाठवायचं असलं की ते मोडेमवरून आमच्या ऑफिसचा नंबर फिरवतं आणि काम संपलं की चांगली दहा-पंधरा मिनिटं वाट बघून आपलं आपण फोन ठेवून देतं. तोवर डेपोचा फोन एंगेज.

उन्हाळ्यात मला टेबलावर बसल्या बसल्या चक्कर आली होती. शुद्ध हरपली, पाणी मारून उठवलं, विशेष काही नव्हतं. पण तेव्हापासून यांचे तासातासाला फोन सुरू झाले. समोरच्या काउंटरवर फोन घेणारी बाई आहे, गोड गोड बोलते म्हणून आम्ही तिला मैना म्हणतो. ती अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशी ओरडायची, "आला हो, तुमच्या पहारेकऱ्याचा फोन!" सगळे खो खो हसायचे. शेवटी मी घरी सांगून टाकलं, "ऑफिसात एकही फोन करायचा नाही. माझी शोभा होते." हे "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

इतक्या चटकन ऐकलं, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग एकेक गोष्ट डोळ्यांवर यायला लागली. रात्री जेवायला बसले की हे नुसतं चिवडत बसायचे. भूक नाही म्हणायचे. भूक नाही म्हणजे बाहेर कुठेतरी खाऊन यायचं, आणि खायला कुणीतरी सोबत लागतंच ना! वाढताना काही विचारावं तर "हो" आणि "हं" याच्या पुढे गाडी जायची नाही. आणि एके रात्री, मान खाली घालून, सहज विचारल्यासारखं केलं, "आज तीनच्या सुमाराला जागेवर नव्हतीस वाटतं?"

मी खरंच नव्हते, चहाला गेले होते. पण यांना कसं कळलं?

माझ्या जागेवर सरळ नजर जाते ती फक्त मैनेच्या काउंटरवरून. आणि त्याच आठवड्यात मैना मला म्हणाली, "तुमच्या मिस्टरांचा डेपो दुपारी नेहमी एंगेज लागतो हो." वर हसली. मी पण हसले, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी आजवर वायरी जोडल्या, आता माझ्याच पाठीमागे कुणी भलतीच लाइन जोडली होती की काय?

असं सगळं शिजत असताना साहेबांनी बोलावलं. डेपोच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या होत्या, दुपारी फोनच लागत नाही म्हणून. "कोणीतरी लाइन अडवून बसतंय," साहेब म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत मला नाव पाहिजे. जो असेल त्याची बदली डोंगरातल्या डेपोवर." डोंगरातल्या डेपोवर गेलेला माणूस महिन्यातून एकदा घरी आला तर नशीब. मी दारापर्यंत पोचले तशी पाठीमागून पुस्ती जोडली, "आणि तुमच्या मिस्टरांचा डेपो आहे म्हणून सांभाळून घेऊ नका."

सांभाळून? मीच तर त्यांच्या मागावर होते. पण यांना डोंगरात धाडायची माझी तयारी नव्हती, हेही खरं.

दुपारी स्क्रीनपुढे बसले. साहेबांना चैन पडेना, तेही पाठीशी येऊन उभे राहिले. मी डेपोच्या जोडणीची अवस्था विचारली. राउटरने सांगितलं, लाइन अप आणि कंसात स्पूफिंग.

"स्पूफिंग!" साहेब उडालेच. "म्हणजे फसवणूक! सापडला!"

"तसं नाही हो, साहेब. कॉल लागलेला नसला तरी लाइन चालू असल्याचं सोंग राउटर करतो. म्हणजे बाकीच्या मशीनना वाटतं रस्ता उघडा आहे. कुणी खरंच निघालं की मग हा नंबर फिरवतो. हे नेहमीचंच आहे."

"म्हणजे हजेरी लावायची आणि झोपायचं."

"तसंच म्हणा." म्हटलं खरं, पण माझ्या डोळ्यांपुढे रात्रीचं ताट आलं आणि समोर बसून "हं" म्हणणारे आमचे हे आले. माणूस घरात आहे, पण कंसात.

साहेब गेले. मी "शो लाइन" मारत राहिले. या कमांडने आमच्याकडच्या सगळ्या लाइन एकाखाली एक दिसतात आणि जिच्यावर कॉल चालू असतो तिच्यापुढे एक चांदणी येते. चांदणी नाही. परत मारली, नाही. तीनचा सुमार झाला आणि चौथ्या लाइनपुढे चांदणी उगवली. कॉल डेपोचा.

मी मान वर करून मैनेकडे बघितलं. ती नखांना रंग लावत होती. फोन जागेवर होता. म्हणजे तोंडी गप्पा नव्हत्या, राउटरनेच नंबर फिरवला होता. पण मैनेच्या काउंटरवरही कॉम्प्युटर आहे, निरोप काही तोंडानेच द्यावे लागतात असं थोडंच आहे!

त्याच कॉलवरून मी डेपोच्या राउटरमध्ये शिरले आणि "शो डायलर" विचारलं. यात राउटर निमूटपणे सांगतो की नंबर का फिरवला, कुठल्या मशीनला कुठल्या मशीनकडे जायचं होतं. आधी निघाला त्याचा पत्ता, मग ज्याच्याकडे निघाला त्याचा.

निघाला त्याचा पत्ता वाचला. यांच्या टेबलावरचं मशीन. झालं! डोंगरही दिसला आणि मैनाही दिसली. पुढचं वाचवेना. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हे सगळे पत्ते मीच वाटलेत, मला तोंडपाठ आहेत. मैनेचा पत्ता नव्हता तो.

माझा होता.

माझ्याच समोरच्या मशीनचा. आमचे हे रोज दुपारी माझ्या मशीनला पिंग करत होते. पिंग म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला "आहेस का?" विचारायचं आणि त्याने "आहे" म्हणायचं, बाकी काही नाही. मी जागेवरून उठले की मशीन बंद, म्हणजे उत्तर बंद. म्हणून कळलं होतं तर, चहाला गेलेली!

माझ्यावर पाळत! मी यांच्यावर पाळत ठेवून बसलेय आणि हे माझ्यावर! बरं, हे पिंग शिकवलं कुणी? मीच, डेपो जोडला त्या दिवशी, हौसेने. मी चौथी लाइन तोडून टाकली. चांदणी गेली. फोन उचलला आणि डेपोचा नंबर फिरवला.

"हॅलो, पार्सल डेपो."

"मी बोलतेय."

पलीकडून घाईघाईने, "काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय! माझ्या मशीनला रोज काय विचारता तुम्ही? लाज नाही वाटत, बायकोवर पाळत ठेवायला?"

"अगं, पाळत कसली." आवाज इतका खाली गेला की मला रिसीव्हर कानाशी दाबावा लागला. "तू फोन करू नका म्हणालीस. उन्हाळ्यात तू पडलीस ती याच सुमाराला. मला संध्याकाळी कळलं, तेही गाडीच्या ड्रायव्हरकडून. तू उठलीस की मशीन बंद करतेस हे मला माहीत आहे. चालू आहे म्हणजे तू जागेवर आहेस, ठीक आहेस. तेवढं बघतो आणि जेवायला बसतो."

"जेवायला? आत्ता?"

"आधी घास उतरत नाही गं."

म्हणून रात्री भूक नव्हती. मैनेकडे बघायची मला लाज वाटली. पण जिभेला काय, ती आपल्या सवयीने पुढे धावलीच. "अहो, शहाणे! मी टेबलावर चक्कर येऊन पडले तर मशीन बंद करायला उठणार होतं कोण? त्या दिवशीही ते चालूच होतं. मी खाली आडवी आणि ते वर खुशाल उत्तरं द्यायला मोकळं!"

पलीकडे कुणीतरी खोकं ओढत होतं, त्याचा आवाज आला.

"म्हणजे इतके दिवस..." हे म्हणाले. "माझ्या डोक्यातच आलं नाही."

तो माणूस रोज उपाशी बसून एका डबड्याला माझी खुशाली विचारत होता, आणि मी घरी त्याच्यापुढे ताट आपटत होते. "जेवून घ्या," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी साहेबांपुढे उभी राहिले. "नाव?"

"नाव कुणाचंच नाही. कुठल्या कारणासाठी नंबर फिरवायचा याची यादी मीच राउटरमध्ये घातलेली असते. तीत पिंग राहून गेला होता. काढलाय. उद्यापासून दुपारी लाइन मोकळी."

"म्हणजे चूक तुमची?"

"माझी. डोंगरात पाठवायचं तर मला पाठवा. इथलं जाळं मग तुम्ही सांभाळा."

साहेबांनी हात जोडले आणि मला घालवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तीनचा सुमार झाला. फोन करा असं काही मी घरी बोलले नव्हते, पण माणसाला समजायला नको? मीच लावला. एंगेज! लगेच "शो लाइन" मारली. चांदणी नाही. म्हणजे राउटर नव्हे, तोंडी बोलणं चाललंय. कुणाशी? परत लावला, परत एंगेज. मनातली पाल पुन्हा शेपूट हलवायला लागली, तेवढ्यात मैना ओरडली, "आला हो, पहारेकऱ्याचा फोन!" सगळे हसले.

"कुणाशी बोलत होता इतका वेळ?"

"गिऱ्हाईक होतं गं."

"बाई की बुवा?"

हे हसले. कित्येक महिन्यांनी मी ते हसणं ऐकलं. "आजोबा होते एक. पार्सल भिजलं म्हणून कान खात होते." मग म्हणाले, "तू बरी आहेस ना?"

मला काय धाड भरलीय, हे अगदी ओठांवर आलं होतं. मशीननेही तेच सांगितलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "सकाळपासून डोळ्यांपुढे अंधारी येतेय. कुणाला बोलले नाही. मशीन बंद करते आणि जरा..."

"राहू दे ते मशीन. हलू नकोस जागेवरून," हे म्हणाले. "मी आलोच."