कमळाबाईचा गळका हौद

हौद कोरडा करून बाबाजी आत उतरला, तेव्हा तारोडीतली अर्धी आळी त्याच्या कुंपणाशी उभी होती. जन्मभर लोकांच्या टाक्या बांधणाऱ्या गवंड्याच्या अंगणातला हौद गळतो, ही मजा कोण सोडणार?

"भावजी, तुमचं काम मी उगाच नावाजत व्हते," शेजारची चुलतभावजय सुलू म्हणाली.

"हसून घे, वयनी. आज असा गिलावा करतो की एक थेंब न्हाय जायचा."

"आनी मासे कुठं हायत?"

"न्हाणीतल्या टपात."

"मग आंघोळ?"

"त्यांना इचारून करतो."

सगळे हसले, बाबाजीही हसला. या गावात मासे कालवणात असतात. ते पाळायचं खूळ त्याच्या बायकोचं, कमळाबाईचं. काशीमीऱ्याहून तिनं लाल मासे पिशवीत आणले आणि नवऱ्याकडून हौद बांधून घेतला. होळीनंतर ती वारली, आणि थोड्याच दिवसांत हौदाचा तळ दिसायला लागला. बायको राखता आली नाही, तिचे मासे तरी राखू, एवढंच बाबाजीनं धरलं होतं.

चीर काही सापडेना. मग त्यानं सगळा हौदच आतून लिंपून काढला. सुलूच्या विहिरीवरून पाईप लावून भरला, सिमेंटचा कडूपणा जाईपर्यंत उपसला, पुन्हा भरला आणि मासे सोडले. पाणी जागचं हललं नाही. बाबाजी मिशी पिळत आळीभर फिरून आला.

आठवड्यात हौदामागच्या अळवानं माना टाकल्या.

"पानी न्हाय घालीत काय?" सुलू कुंपणावरून ओरडली.

"अळवाला कुनी पानी घालतं? कमळीचं अळू आपलंआपलं येतं."

"आपलंआपलं? अवो, हौद गळायचा म्हनून यायचं! ती रोज सकाळी कळशीनं हौद भरायची. तुमी समोर खाटेवर चाय पीत बसायचे."

"मला सांगितलं असतं तर तवाच बुजवलं असतं."

"म्हनूनच न्हाय सांगितलं."

 बाबाजीनं उठून छिन्नी घेतली आणि आपल्याच पक्क्या गिलाव्यात अंदाजानं भोक पाडलं. अळू सुकंच राहिलं. सकाळी सुलूच्या ओट्यापुढं चिखल झाला होता.

बाबाजी सिमेंटचं घमेलं घेऊन धावला. "वरडू नको वयनी, आत्ता बुजवतो!"

सुलू ओरडत नव्हती. कमळाबाईच्या अळवाचे कंद उपटून आणून ती त्या चिखलात लावत बसली होती.

"भोकाला हात लावाल तर बघा," ती मान वर न करता म्हणाली.

"आनी मासे?"

"मासे तुमचे, अळू माझं. वड्या पाठवीन. पन पाईप रोज न्हाय मिळायचा. तिची कळशी कुठं हाय, तेवढं तरी म्हाईत हाय ना?"

बाबाजीला तेही माहीत नव्हतं.