शीरबाबांचा काटा

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्या संध्याकाळी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. दाराशी बऱ्या झालेल्यांनी टाकलेल्या कुबड्या आणि कमरेचे पट्टे यांचा ढीग रचलेला, आणि आत येणारा जो तो आधी त्या ढिगालाच हात जोडत होता. चौथऱ्यावर शीरबाबा.

"डॉक्टर काय सांगतो? टाच वर, टाच खाली. अरे, दुखणाऱ्या माणसाला कवायत? शीर म्हणजे दोरी. दोरी ओढली की झिजते. झिजते ना?"

"झिजते," सगळे म्हणाले.

"मग ओढू नका. माझा काटा घ्या आणि स्वस्थ पडा."

काटा म्हणजे बाबांच्या मुठीत झाकलेलं काहीतरी. दुखऱ्या जागी टोचायचं, फुंकर घालायची, की थोड्या वेळात रोगी हसत उभा.

माझा नवरा टपाल वाटतो. दिवसभर जिने चढून त्याच्या टाचेमागची जाड शीर सुजली होती. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम दिला. दुखायचं. मग सासूबाईंनी त्याला बाबांकडे नेलं, दोनदा काटा टोचून घेतला. दुखणं पळालं, व्यायामही सुटला.

"काट्यात असतं काय?" मी विचारलं होतं.

"शिकलीस म्हणून आता देवालाही प्रश्नपत्रिका देणार का, सूनबाई?"

आज नवऱ्याला तिसरा काटा टोचून झाला होता. तेवढ्यात लेक माझ्या मांडीवरून निसटली आणि रांगत चौथऱ्याच्या झालरीखाली शिरली. रांगत्या मुलाच्या आईचं लक्ष तोंडात काय गेलं याच्यावरच. तिला पायाला धरून ओढलं, गालात बोट घालून रबरी बूच काढलं. मुठीत काचेची रिकामी कुपी होती. झालर उचलली तर अशा कुप्यांनी आणि सिरिंजांनी भरलेला डबा. पोरीने काय चाटलं या धास्तीने मी नावं वाचली. एकीवर बधिर करणारं औषध, दुसरीवर स्टेरॉइड.

मान वर केली तर नवरा चौथऱ्याच्या कडेवर उभा.

"मार उडी," बाबा त्याला म्हणाले. "पीडा कुठे राहिली, दाखव लोकांना."

"अरे, थांब. काटा नाही, सुई आहे ती," मी ओरडले. टाळ्यांत कोण ऐकतं.

त्याने उडी मारली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि तो खाली बसला.

"मागून लाथ कोणी मारली?" त्याने हसतच विचारलं.

बाबा पक्के. "ऐकलंत? पीडा तुटली."

लोकांनी पुन्हा टाळ्या पिटल्या. सगळ्यांत जोरात सासूबाईंनी.

"दुखत नाही गं," नवरा मला म्हणाला. "पण पाऊल ऐकत नाही."

दवाखान्यात फिजिओथेरपीवाल्या बाईंनी त्याला पालथं झोपवून एकेक पोटरी दाबली. चांगलं पाऊल हललं. दुसरं मेल्यासारखं पडून राहिलं.

"तुटली," बाई म्हणाल्या. मी उचलून आणलेला डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"ताणली म्हणूनच ना?" सासूबाई म्हणाल्या. "बाबा तेच सांगत होते."

"मावशी, दोरी मेलेली असते. ही जिवंत आहे, कंडरा म्हणतात हिला. भार पडला की तिचा रक्तपुरवठा वाढतो, पेशी कामाला लागतात, जुने धागे मोडतात आणि नवे विणतात. मोडणं आधी, विणणं मागून, म्हणून मध्ये विश्रांती द्यायची. काम फार संथ, म्हणून महिने लागतात. सांधे बांधून धरणाऱ्या अस्थिबंधांचंही तसंच. भारच दिला नाही तर कंडरा कमजोर होते. वर स्टेरॉइड, ते सूज दाबतं आणि विणकामही दाबतं. आज बधिर करून उडी मारायला लावली."

"म्हणजे दुखणं गेलंच नव्हतं?"

"ओरडणाऱ्याचं तोंड दाबलं होतं."

डबा मी पोलिसांच्या टेबलावर आपटला तोवर बाबा पसार झाले होते. शेजारीण म्हणते, मी मध्येच ओरडले म्हणून शीर तुटली. शस्त्रक्रिया झाली. नवरा आता बसून पाकिटांवर शिक्के मारतो. पुन्हा जिने चढेन का, असं त्याने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "वचन देत नाही. टाच उचला." तो रडत रडत उचलतो.

एकाच संध्याकाळीत दुखणं पळवणारा कोणी भेटला तर हात जोडण्याआधी त्याची मूठ उघडायला सांगा. काय टोचलं त्याचं नाव विचारा. सांगत नसेल तर आपल्या माणसाला उचला आणि घरी न्या. लोक हसतील. हसू द्या.